मिटलेली, उघडी

खानापूर स्टेशनाकडं जाताना, झेरॉक्सच्या दुकानावर,
पत्र्याच्या खोलीत आम्ही सहाजणी बसतो.
निंगव्वाच्या वाटणीला कुठल्यातरी देशातले सिग्नल,
माझ्या वाटणीला दक्षिण टोकाकडचा समुद्रतळ:
वर पुरुषभर जाड बर्फ, खाली अठरा मीटर पाणी,
आणि तिथं कुणीतरी ठेवून आलेला कॅमेरा,
जो दिवसातून एकदाच डोळा उघडतो.

फोटो आला की मोजायचं.
तारामासे किती, काटेरी गोळे किती,
समुद्रकाकड्या किती,
आणि प्रत्येकीपुढं एकच शब्द:
मिटलेली, की उघडी.
फोटोमागं साठ पैसे.
समुद्र मी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा गोव्याचा,
दोन्ही वेळा वरून.

यांना कणा नसतो. शिकवणीत बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं,
अपृष्ठवंशी.
कन्नड शाळेची निंगव्वा कुजबुजली, आमच्यात अकशेरुक.
दोघींनी दोन्ही म्हणून बघितले.
तोंडात सारखेच जड.

मार्चात काकडी दहा हातांचे तुरे पसरून बसायची,
पाण्यातून येईल ते झेलायची,
मग एकेक हात तोंडात घालून चाटायची,
गुऱ्हाळावरच्या पोरानं काकवीची बोटं चाटावीत तशी.
एप्रिल सरता सरता पाण्यातलं हिरवं विरलं.
मे. एक मिटली.
चार मिटल्या.
जूनमध्ये मी नुसतं मिटलेली, मिटलेली लिहीत गेले.
आतडं रिकामं, हात आत, तोंड बंद,
चार महिने.
भुकेची घडी घालून ती कुठं ठेवतात कोण जाणे.

आबांना सांगितलं.
म्हणाले, आमच्यासारखंच की गं.
खरं, त्यांना रेशन कोण देतंय?

आषाढात आमचीही भट्टी बंद.
कच्चं वाळत नाही, लाकूड नुसतं धुमसतं.
कौलं तर आता कुणी घेतच नाही, कुंड्या घेतात,
त्याही दसऱ्यानंतर.
चाकावर गोणपाट टाकून आबा उंबऱ्यात बसतात
आणि मलप्रभेकडून वर येणारं धुकं बघतात,
जसं काही ते पैसे देणार आहे.

जुलैत फोटोत नवीन कुणी दिसू लागलं:
उलट्या ठेवलेल्या पणतीसारखी गोगलगाय.
वर बर्फ किनारा खरवडू लागला की ही खाली उतरते,
उजेड परतला की पुन्हा वर.
त्यांच्याकडं सीमा एकच,
बर्फ जिथवर घासत येतो ती.
दरवर्षी दोनदा ओलांडते, कुठलाही दाखला न दाखवता.
आम्ही रेशनकार्डावर कुंबार,
शाळेच्या दाखल्यावर कुंभार,
आणि एका भ साठी
तालुक्याच्या कचेरीत माझे तीन मंगळवार गेले.

एकोणीस जुलैचा फोटो.
डाव्या कोपऱ्यात, कपारीखाली, एक काकडी.
तीन हात बाहेर.
मी लिहिलं, उघडी.
दुपारी तांबड्या चौकटीत परत आलं:
पुन्हा तपासा. या महिन्यात शक्य नाही.

मोठं करून बघितलं.
अंधार, अंधारात गाळाचे कण,
आणि त्या कणांत तीन हात, खरोखर पसरलेले.
काय सापडणार होतं तिला तिथं?

रात्री वीज गेलेली.
आबा झाकलेल्या चाकापाशी, पाठमोरे.
हातात चिखलाचा गोळा,
अंगठ्यानं दाबत दाबत त्याला ओठ काढत होते.
वाळणार नव्हता, भाजणार नव्हता.
काय करूलासा, विचारलं.
काय नाही गं, म्हणाले. बोटं.

सकाळी मी पुन्हा लिहिलं, उघडी.
शेऱ्याच्या रकान्यात: तीन हात.
साठ पैसे कापले.
निंगव्वानं तिचा तांबडा सिग्नल तसाच सोडून
माझ्या खुर्चीवरून वाकून पाहिलं, म्हणाली,
हौदु, तेरदैते.
होय, उघडीच आहे.